दिवाळीचा साबण श्रावणात ओतावा लागतो

वाचकाचं पत्र, थोडक्यात : रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनी पतसंस्थेत १४,००० रुपये पगारावर नोकरी करतात आणि तीन वर्षांपासून घरी साबण बनवतात. महिन्याला साधारण १२० वड्या ८० रुपयांना ओळखीत विकल्या जातात. पुण्यातल्या एका दुकानाने दिवाळीसाठी उटण्याच्या १,००० वड्या मागितल्या आहेत, भाव ४५ रुपये. वडीला २८ रुपये खर्च येतो, म्हणजे १७,००० सुटतील, असा त्यांचा हिशेब आहे. एक विक्रेता मिक्सर, प्लॉडर (साबण दाबून कांडी काढणारं यंत्र) आणि ठसा मारायचं यंत्र असा संच ३ लाखांत द्यायला तयार आहे. कर्ज काढून तो घ्यावा आणि नोकरी सोडावी, असं त्यांच्या मनात आहे. यजमानांचं म्हणणं, ‘बाजारात ४० रुपयांना साबण मिळतो, तुझा ८० ला किती दिवस घेतील?’ गेल्या पावसाळ्यात ६० वड्यांवर नारिंगी डाग पडले आणि पाणी सुटलं, त्याचं कारण अजून कळलेलं नाही. ‘माल शुद्ध आहे, केमिकलविरहित आहे, फक्त भांडवल कमी पडतंय. काय करू?’

---

ताई, तुम्ही तेलांची मापं आणि भाव पत्रातच दिलेत हे फार बरं केलंत. त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही.

‘फक्त भांडवल कमी पडतंय’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्याच आकड्यांवरून मला ते पटत नाही. कमी पडतोय तो वेळ आणि कोरडी हवा. त्यातलं काहीच ३ लाखांच्या यंत्राने मिळणार नाही.

दिवाळीचा माल दसऱ्यापर्यंत दुकानात पोचायला हवा. कोकणातल्या हवेत साबण मुरायला सहा आठवडे धरा. म्हणजे शेवटचा घाणा गोकुळाष्टमीच्या आसपास ओतून व्हायला हवा. ५ किलो तेलाच्या एका घाण्यात ६० वड्या होतात, हजारांसाठी असे १७ घाणे. नोकरी सांभाळून आठवड्याला तीन झाले तर पहिला घाणा आषाढात ओतावा लागेल. ही ऑर्डर दिवाळीची दिसते, पण ती संपूर्ण भर पावसाळ्यात तयार होणार आहे, आणि गेल्या पावसाळ्यात साठ वड्याच तुम्हाला सांभाळता आल्या नव्हत्या. म्हणून आधी त्या साठ वड्यांचं बघू.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकदम झाल्या. पाणी सुटलं ते ग्लिसरीनमुळे. घरगुती साबणात तयार झालेलं ग्लिसरीन साबणातच राहतं आणि दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. त्याने वडी बिघडत नाही, पुसून कोरड्या हवेत ठेवली की पुन्हा कोरडी होते. नारिंगी डाग मात्र वडी खराब झाल्याची खूण आहे. त्या जागी सुटं राहिलेलं तेल खवट झालेलं असतं. हळदीच्या साबणात हे ओळखणं अवघड जातं, कारण साबणाच्या क्षाराने हळदच तांबूस होते आणि न विरघळलेल्या हळदीचा कणही तसाच ठिपका दिसतो. नाकाने ओळखा. हळदीच्या ठिपक्याला वास नसतो, खवट डागाला जुन्या तळणाच्या तेलाचा वास येतो, आणि डाग दिवसेंदिवस पसरतो.

तुमचं माप एका किलोला ६०० ग्रॅम खोबरेल, ३५० सूर्यफूल, ५० एरंडेल आणि १५० ग्रॅम कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, तेलाचा साबण करणारा क्षार) असं आहे. प्रत्येक तेलाला लागणारं कॉस्टिक वेगळं असतं : ग्रॅममागे खोबरेलला ०.१८३, सूर्यफुलाला ०.१३५, एरंडेलला ०.१२८. तुमच्या मिश्रणाचा पूर्ण साबण व्हायला १६३ ग्रॅम लागतं. तुम्ही १५० घालता, म्हणजे ८ टक्के तेल मुद्दाम सुटं ठेवता. एवढंही जास्तच आहे. त्यात कॉस्टिकच्या डब्याचं झाकण नीट बसत नाही असं तुम्ही लिहिलंय. कॉस्टिक हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. पावसात त्याची ताकद १० टक्के जरी उतरली, तरी तुमचे १५० ग्रॅम प्रत्यक्षात १३५ चं काम करतात आणि सुटं तेल १७ टक्क्यांवर जातं. त्यात सूर्यफुलाचाही भाग असतो, आणि ते सगळ्यात लवकर खवट होणाऱ्या तेलांपैकी एक. शिवाय वड्या लोखंडी जाळीवर ठेवल्या होत्या, आणि लोखंडाने खवटपणाला वेग येतो. विहिरीचं पाणी वापरत असाल आणि त्यात लोह असेल तर त्यानेही तेच होतं.

माझ्या मते हे माप बदला. १ किलोला ४०० ग्रॅम खोबरेल, ३५० पामतेल, २०० शेंगदाणा तेल, ५० एरंडेल. ५ टक्के तेल सुटं ठेवून १४८ ग्रॅम कॉस्टिक आणि त्याच्या दुप्पट, २९६ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर. पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवा आणि त्याच्यासाठी ६ ग्रॅम कॉस्टिक वाढवा, म्हणजे एकूण १५४. त्यातून तयार होणारं सोडियम सायट्रेट धातूचे अंश बांधून ठेवतं आणि डागांना आवर बसतो. खोबरेल कमी करण्याचं कारण पैशाचं आहे तसं कातडीचंही आहे : ६० टक्के खोबरेलचा साबण फेस भरपूर देतो, पण अंग कोरडं करतो आणि ओल्या साबणदाणीत भराभर विरघळतो. ‘आठ दिवसांत संपतो’ ही तक्रार लिहिलीत ना, ती त्यामुळे.

कॉस्टिक ९८ टक्के शुद्धतेच्या पाकिटातलंच घ्या, नळ साफ करायची पावडर कधीच नको. फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, खडे एकमेकांना चिकटलेले दिसले की ते साबणाला वापरू नका. नेहमी पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही. भांडं स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमचं किंवा हिंडालियमचं पातेलं चालत नाही, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. अंगावर थेंब उडाला तर व्हिनेगर शोधत बसू नका, किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, आणि डोळ्यात गेला तर धुऊन तडक दवाखाना गाठा. हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण घरात लहान मूल आहे असं पत्रात आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

मुरवण्याच्या खोलीत शे-पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक टांगा. आकडा ६० च्या आत राहायला हवा. आषाढ-श्रावणात तुमच्याकडे तो ८५-९० दाखवेल. पंखा तीच दमट हवा फिरवतो, त्यामुळे दारं-खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढून घेणारं यंत्र) लावण्यावाचून गत्यंतर नाही. खर्च करायचाच असेल तर पहिला इथे करा. वड्या प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या ट्रेमध्ये बटर पेपरवर, कडेवर उभ्या, मध्ये बोटभर अंतर ठेवून लावा. ६० बाय ९० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये सव्वाशेच्या आत-बाहेर वड्या बसतात, तेव्हा हजार वड्यांना नऊ-दहा ट्रेंचं एक रॅक पुरतं. जागेची अडचण तुम्हाला वाटते तेवढी नाही. कापताना वडी ११७ ग्रॅमच्या आसपास ठेवा, सुकून ती शंभराच्या थोडी वर राहते. पॅक करण्याआधी दर घाण्यातल्या पाच-सहा वड्या वजन करून बघा. पाकिटावर १०० लिहून आत ९६ निघणं ही फसवणूक होते, ती नकळत झाली तरी.

उटण्याबद्दल एवढंच, की ते वस्त्रगाळ हवं. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी यांचा जाड कण अंगाला टोचतो. किलोला दोन चमचे पुरे, आणि ते थोड्या तेलात कालवून मगच घाला. दूध, गुलाबपाकळ्यांचा लगदा, ताजी कोरफड घालायचा मोह दिवाळीच्या मालात टाळा.

आता पैशाचं. तुमचे २८ रुपये कुठून आले ते मी मांडून पाहिलं. ४२० च्या भावाने खोबरेल २५२ रुपये, १६० च्या भावाने सूर्यफूल ५६, एरंडेल १०, कॉस्टिक १५, एकूण ३३३, भागिले १२ वड्या. म्हणजे यात फक्त तेल आणि कॉस्टिक आहे. सुगंधी तेल आणि उटण्याचे वडीमागे ४ रुपये धरले की ३२ होतात. बटर पेपर, खोकं, लेबल ७, झाले ३९. शंभरातल्या पाच वड्या तुटतात, वाकड्या कापल्या जातात, डागाळतात, त्याचे २, झाले ४१. वीज, मोजे, भाड्याने लागणारी रिक्षा यांचे २, झाले ४३. दुकानदार देतोय ४५. हजार वड्यांमागे हातात २,००० रुपये राहतात, आणि १७ घाण्यांना ओतणं, कापणं, पॅक करणं धरून प्रत्येकी सहा तास म्हटले तरी शंभर तास लागतात. तासाला २० रुपये. तुम्ही स्वतःच्या श्रमाचा तासाला ८० रुपये एवढा साधा दर लावलात तर वडीला आणखी ८ रुपये वाढतात आणि खर्च ५१ होतो, म्हणजे ही ऑर्डर वडीमागे ६ रुपये तोट्याची आहे.

नव्या मापाने तेल-कॉस्टिक २३ वर येतं आणि श्रमासकट सगळं मिळून ४६. तरीही ४५ परवडत नाही. दुकानासाठी तुमचा भाव ६० ते ६५ हवा. दुकानदाराला त्यावर ३०-४० टक्के हवे असतात, तेव्हा त्याच्या फळीवर वडी १०० च्या आसपास जाईल. त्याला तो भाव झेपत नसेल तर हे गिऱ्हाईक तुमचं नाही, आणि त्यात कुणाचाच दोष नाही.

यजमानांचा प्रश्न रास्त आहे, पण तुलना चुकते आहे. ४० रुपयांचा साबण टनांनी बनतो, त्याच्याशी भावात तुम्ही कधीच लढू शकणार नाही आणि लढूही नका. १२० वड्या घेणारी माणसं तो साबण घरात असूनही तुमचा घेतात. ती का घेतात हे त्यांना विचारा, आणि त्यातली किती जण दुसऱ्या महिन्यात परत आली ते वहीत लिहा. पुन्हा येणाऱ्यांची ही संख्या मला एकूण विक्रीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. नव्यांसाठी २५ ग्रॅमचा तुकडा २० रुपयांना ठेवा.

यंत्राचं ऐका. प्लॉडर तयार, सुकलेल्या साबणाच्या नूडल्स दाबून त्याची लांब कांडी काढतो, आणि ठसायंत्र ती कापून छापतं. तुम्ही थंड पद्धतीने ओतून, मुरवून साबण करता. तुमच्या कामात प्लॉडरला जागाच नाही. तो घेतलात तर नूडल्सची पोती विकत आणून त्यात रंग-वास मिसळावा लागेल. तो धंदाही करणारे करतात, पण मग ‘हाताने केलेला’ हे तुमचं एकमेव वेगळेपण तुम्हीच विकून टाकलंत असं होईल. हजार वड्यांचा कच्चा माल आणि पॅकिंग मिळून ३५,००० च्या आसपास बसतं. १ ग्रॅमपर्यंत अचूक काटा, दोन-तीन ५ किलोचे साचे, चांगला हँड ब्लेंडर, तारेचा कटर, ट्रे आणि डीह्युमिडिफायर हे सगळं ३ लाखांच्या पाव भागात भागेल.

आणि ज्याचा उल्लेखच तुमच्या पत्रात नाही ते म्हणजे परवाना. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात पूर्वी साबण वगळलेला होता, १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. विक्रीसाठी साबण बनवायचा तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो : अर्ज कॉस-५, परवाना कॉस-८. ‘मी तर साबणाचा तयार बेस वितळवून ओतते’ असं म्हणून सुटका नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत विक्रीसाठी पॅक करणं आणि लेबल लावणंही उत्पादनातच येतं. ओळखीत विकला म्हणूनही सूट नाही. तुम्ही घाबरून जावं म्हणून हे लिहीत नाही. घरोघरी असंच चालतं हे खरं आहे, पण दुकानाच्या फळीवर माल गेला की परवाना क्रमांक नसलेली वडी तुम्हाला आणि दुकानदारालाही अडचणीत आणते.

परवान्यासाठी स्वयंपाकघर चालत नाही. वेगळी, स्वच्छ, पाणी-निचऱ्याची सोय असलेली खोली, कामावर देखरेखीला रसायनशास्त्राचं किंवा फार्मसीचं शिक्षण असलेली तांत्रिक व्यक्ती, घाण्यांची नोंदवही आणि तपासणीची व्यवस्था लागते. अर्ज भरण्याआधी जिल्ह्याच्या कार्यालयात खोलीचा साधा नकाशा घेऊन जा आणि काय बदलावं लागेल ते विचारा. भिंती पाडून झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. एवढं लगेच झेपत नसेल तर लोन लायसन्सचा मार्ग आहे (अर्ज कॉस-६), म्हणजे परवाना असलेल्या दुसऱ्याच्या जागेत आपला माल तयार करणं. जवळपासच्या एखाद्या बचत गटाच्या किंवा सहकारी संस्थेच्या युनिटकडे असा परवाना आहे का, ते आधी बघा. जीएसटीचं आज ओझं नाही. वस्तूंना उलाढालीची मर्यादा ४० लाख आहे, आणि साबणाच्या वडीवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झालाय. ऑनलाइन बाजारपेठेतून दुसऱ्या राज्यात विकायचं झालं तर मात्र नोंदणी आधी.

लेबलवर ‘केमिकलविरहित’ लिहू नका. कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. तयार वडीत सुटं कॉस्टिक उरत नाही हे खरं, आणि तेच ग्राहकाला सांगा, ते पुरेसं चांगलं आहे. ‘मुरुमांवर गुणकारी’ हेही काढा. रोग बरा करण्याचा दावा केला की साबण औषधाच्या कक्षेत जातो. ‘आयुर्वेदिक’ म्हणायचं तर त्याचा परवाना वेगळा. लेबलवर घटक उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावा, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हवा. शेंगदाणा तेल घातलंय हे ठळक लिहा, काहींना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते.

नोकरीचा निर्णय या ऑर्डरला बांधू नका. श्रम सोडून वडीचा खर्च ३८ रुपये धरला, तर ८० ला थेट विकलेल्या वडीत ४२ रुपये उरतात. परवान्याची खोली, तांत्रिक व्यक्तीचं मानधन, हिशेबनीस यांचे महिन्याला फक्त ४,००० धरले तरी तुमचा १४,००० चा पगार भरून काढायला महिन्याला ४३० वड्या थेट विकायला लागतील. आज त्या १२० आहेत. सलग सहा महिने, आणि त्यात पावसाळ्याचे तीन महिने आलेच पाहिजेत, ३०० च्या वर विक्री राहिली की हा प्रश्न पुन्हा काढा. तोवर पगार हेच तुमचं बिनव्याजी भांडवल आहे. तुमच्यासारख्या मेणबत्त्या, उटणी, तेलं करणाऱ्या अनेक जणींची पत्रं येतात, त्यांनाही मी हाच हिशेब मांडायला सांगते : आधी महिन्याचा पगार भरून निघायला किती नग लागतात ते काढा, मग राजीनाम्याचा विचार.

राहिलं दुकानदाराला काय सांगायचं ते. गप्प बसू नका आणि ‘बघते’ म्हणून टांगतही ठेवू नका. या आठवड्यात फोन करून सांगा : ‘हजार वड्या या दिवाळीला जमणार नाहीत. परवाना किंवा लोन लायसन्स आषाढाच्या आधी हातात आलं तर ३०० वड्या देईन, भाव ६२ रुपये, निम्मे पैसे आगाऊ, बाकी माल पोचल्यावर. नमुन्याच्या सहा वड्या पाठवते, त्या महिनाभर तुमच्या दुकानात उघड्या ठेवून बघा.’ तीनशे म्हणजे पाच घाणे, ते तुमच्या सुट्ट्यांमध्ये बसतात. आणि त्या सहा वड्यांच्या जोडीला त्याच घाण्यातल्या सहा तुम्ही स्वतःच्या घरात ठेवा, तारीख घालून, डीह्युमिडिफायरच्या खोलीबाहेर. पुण्यात त्या कशा राहतात आणि तुमच्याकडे कशा, हे महिन्याने मला जरूर लिहून कळवा.